शेपटाचा मानकरी

मातालुआ, सावाइई बेट
६ मार्च १९९४

तिनोताई,

तालोफा. आधी गुन्हा कबूल करतो, मग कामाचं बोलतो. गेल्या शनिवारी मी पाहुण्या गावाच्या वक्त्याच्या वाटणीच्या टोपलीत डुकराचं मुंडकं घातलं. वर तोंडात जास्वंदीचं फूल. करायला नको होतं, मान्य आहे. पण ताई, तू ते भाषण ऐकलं नाहीस. चर्चच्या नव्या छपराचा कार्यक्रम, डुकरं उमूतल्या तापल्या दगडांवरून उतरवून पानांवर मांडलेली, आम्ही पोरं पहाटेपासून धूर खात उपाशी, आणि हा माणूस काठी टेकून उभा. खापरपणजोबांच्या होडीपासून सुरुवात केली. दुपार झाली तरी ती होडी किनाऱ्याला लागेना. माश्यासुद्धा कंटाळून निघून गेल्या.

मुंडकं आपल्या गावात कुणाचं, हे तुला आठवत नसेल. आम्हा पोरांचं. जे कापतात, भाजतात, त्यांचं. म्हणजे मी त्याला टोपलीतून सांगितलं, की बाबा रे, तू आमच्यातलाच एक पोरगा. त्यानं बसमध्ये पान उघडून पाहिलं, तेव्हा अख्खी बस हसली म्हणे. मग मताईंची, म्हणजे घराण्यांच्या प्रमुखांची, बैठक बसली. दंड: दोन डुकरं आणि टिनच्या मासळीची खोकी. आपल्या घराण्याचे मताई वाओतुपु आजोबा, त्यांना सगळ्यांसमोर माफी मागावी लागली.

घरी येऊन ते ओरडले नाहीत. नुसतं विचारलं, "तुला वाटणी येत नाही का?"

म्हटलं, "येते."

"मग लिहून दाखव. वाटणी विचारणारं त्या पोरीचं पत्र नाताळपासून पडलंय."

तर ही शिक्षा म्हणून पत्र लिहितोय. मी दोनदा नापास झालेला माणूस, हे ध्यानात ठेवून वाच. तू त्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात जुनं ग्रीक शिकून, ते लोक डुक्कर कसं वाटून घ्यायचे यावर डॉक्टर होणार, हे ऐकून माझ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या काकांनी, विचारलं, "मग इंजेक्शन देता येईल की नाही?"

घे लिहून. पाठीचा तुकडा थोरल्या मताईंना. मानेखालचा मोठा तुकडा वक्त्याला. पोटाकडचा मऊ भाग पाहुण्या बायकांना. मागची मांडी बाकीच्या मताईंना, पाद्रीबाबांना वेगळी. खांदा घरच्यांना. मुंडकं आम्हाला. तुकडा चुकला तर माणूस चुकला, एवढं लक्षात ठेव.

अजून अर्धं पान उरलंय आणि आजोबा मागे उभे राहून म्हणताहेत, "पान भर." तर शेपूट राहिलं. शेपटाचं असं आहे, की घरातलं जे माणूस समुद्रापलीकडे गेलंय, त्याचं ते. ते कुणी खायचं नाही. केळीच्या पानात बांधून घराच्या खांबाला टांगायचं. माणूस परत येईस्तोवर दर डुकराला.

झालं पान. हात दुखतोय.

तुझा भाऊ,
सेमिसी

---

ऑकलंड
२ एप्रिल १९९४

सेमिसी,

तुझं पत्र मी बसमध्ये वाचायला घेतलं आणि माझा थांबा गेला. पुढचाही गेला. मुंडक्यावर इतकी हसले की शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे बसले. आणि मग शेपटाशी आले.

तुला माझं काम नीट सांगते, म्हणजे तू काय केलंस ते तुला कळेल. एका ग्रीक बेटावर एक दगड आहे. बावीस ओळी कोरलेल्या. देवळातल्या सणाला डुक्कर कापलं की कोणता तुकडा कुणाचा, एवढंच त्यात आहे. मांडी आणि कातडं पुजाऱ्याचं, जीभ दवंडीवाल्याची, असं. दगड तिकडेच. आमच्याकडे आहे त्याचा कागदी ठसा: ओला जाड कागद दगडावर ठेवून ब्रशनं बडवतात, सुकला की अक्षरं उमटून येतात. तळघरात दिवा तिरपा धरून मी तो कागद तीन वर्षं वाचतेय. हो, तीन वर्षं, बावीस ओळी. आईनं बिस्किटाच्या कारखान्यात तेवढ्यात किती बिस्किटं केली असतील ते तिनं मला दोनदा ऐकवलंय.

आणि शेवटची ओळ फुटलेली आहे. "शेपूट..." एवढं दिसतं, पुढे कोपराच गेलाय. कुणाचं शेपूट? आठ अक्षरांची जागा आहे. आमच्यात जे वाचता येत नाही तिथे ठिपके द्यायचे, एका अक्षराला एक. त्या आठ ठिपक्यांवर आजवर मोठमोठ्या लोकांनी डोकं आपटलंय. स्वयंपाक्याचं, गुलामाचं, कुत्र्याचं, काय वाट्टेल ते सुचवलंय. एकही नीट बसत नाही.

सेमिसी, घर सोडून लांब गेलेल्या माणसाला त्या भाषेत एक शब्द आहे. काल रात्री तो बोटांवर मोजला. आठ अक्षरं.

हे झालं कामाचं. आता घरचं. मी चार वर्षांची असताना इकडे आले. माझे बाबा वारल्यावर आईनं मला आणलं, मला आठवते ती लागी आत्यानं गुंडाळलेल्या कापडाची कड आणि ओल्या चटईचा वास. मला वाटायचं, तिकडे आता मला कोण ओळखतंय! आणि इतकी वर्षं दर डुकरामागे माझ्या नावानं शेपूट टांगलं जात होतं? कोणत्या खांबाला रे? आत्याला विचार. मला तो खांब डोळ्यांपुढे आणायचाय.

तुझी,
तिनो

---

मातालुआ
१ मे १९९४

ताई,

तुझं पत्र आलं. आत्याला दिसत नाही म्हणून पाद्रीणबाईंनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं. बिस्किटांपर्यंत सगळे हसत होते. मग शेपूट आलं. पाद्रीणबाई वाचायच्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं. छपराला एक भोक आहे, ते बुजवायला हवं.

लागी आत्या म्हणाली, "तो खांबाचा भाग परत वाचा." वाचला. मग ती रडली. तुला माहितीय ना आत्या कशी रडते? आवाज नाही, नुसती चटईचे धागे ओढत बसते. अर्धी चटई उसवली.

आजोबांनी एकेका खांबाकडे बघितलं. मग म्हणाले, "समुद्राकडच्या. तिला लिही, समुद्राकडच्या खांबाला."

तर ताई, समुद्राकडच्या खांबाला. काल शनिवारीच टांगलंय, मी स्वतः चढलो होतो. गाठ पक्की मारलीय.

बाकी ठीक. अळूवर रोग पडलाय, सगळी पानं काळी पडून गेली. आम्ही केळी आणि नीरफणसावर आहोत. आजोबा म्हणतात देवानं त्यांना माकड करायचं ठरवलंय. क्रिकेटमध्ये पलीकडच्या गावाला हरवलं, मी एक चेंडू असा मारला की तो डुकरांच्या कुंपणात गेला आणि आणायला कुणी धजेना.

आणि एक सांगू का? तू त्या शेपटावर फार भर देऊ नकोस. शेपूट ते केवढं! माणसानं अभ्यास करावा तर मांडीवर करावा. पाठीच्या तुकड्यावर करावा. मोठा विषय घे की.

तुझा भाऊ,
सेमिसी

---

ऑकलंड
१० जुलै १९९४

सेमिसी,

मांडीवर लोकांनी आधीच लिहून ठेवलंय, येड्या. शेपूट माझं एकटीचं आहे!

गेल्या गुरुवारी आमच्या विभागाची बैठक झाली. दर गुरुवारी असते, सहाव्या मजल्यावर. चहा विभागाचा, बिस्किटं आईच्या कारखान्यातली तुटकी, मी पिशवी भरून नेते. एकजण आपलं काम वाचून दाखवतो आणि बाकीचे त्याला सोलतात. या वेळी मी होते. आधी ठसा दाखवला, मग आठ ठिपके, मग तुझं पत्र वाचलं. ओळ न ओळ, इंग्रजी करून. जास्वंदीच्या फुलासकट.

तू असायला हवा होतास. कुणी बिस्किटसुद्धा मोडलं नाही. आमच्या टेनंटबाई, म्हणजे माझं काम ज्यांच्या हाताखाली चाललंय त्या, तीस वर्षं असे दगड वाचताहेत. त्या कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. त्या खिडकीपाशी गेल्या, खाली बसगाड्या बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिस फुआतिनो, मला वाटतं तुम्हाला तो सापडला." सिडनीहून एक मोठे म्हातारे विद्वान आले होते, त्यांना हे छापायचंय. अख्खं शेवटचं प्रकरण मी आता शेपटावर लिहितेय, तीस पानं झाली. प्रबंध ऑगस्टअखेर द्यायचा.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मला नाही बाई आठवत असलं काही. पण मी सून. माझं लक्ष चुलीकडे, खांबांकडे कोण बघतंय?"

शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत तुझं नाव आहे. "माझा भाऊ सेमिसी, मातालुआ." आता नापास म्हणून दाखव स्वतःला.

तिनो

---

मातालुआ
२४ जुलै १९९४

ताई,

तुझं पत्र मी कुणाला वाचू दिलं नाही. एकट्यानं समुद्रावर जाऊन वाचलं. माझ्या नावाशी आलो आणि पत्र घडी करून खिशात घातलं.

शेपटाचं मी रचलं.

असली काही चाल नाही. नव्हती कधी. पान भरायचं होतं, हात दुखत होता, आणि तुझ्यासारखी शिकलेली बाई दोन हजार वर्षांच्या डुकरांमागे लागलीय हे मला भारी गमतीचं वाटत होतं. म्हटलं, घे एक शेपूट. तू वाचशील आणि म्हणशील, काय फेकतोय. मला काय माहीत की तुझ्या दगडाला नेमकं तिथंच भोक असेल!

आपल्याकडे शेपूट ज्याच्या हाताला लागेल तो खातो. बहुतेक वेळा मी.

तुझं एप्रिलचं पत्र वाचलं त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं होतं. कुणी बोललं नाही, कारण आत्या रडत होती. ती कशासाठी रडत होती ते मी तुला लिहिलं नाही. ती म्हणत होती, "पोरीसाठी आपण काहीच टांगलं नाही. एकदासुद्धा सुचलं नाही कुणाला." तेव्हा आजोबांनी समुद्राकडचा खांब सांगितला. त्या शनिवारी पहिल्यांदा टांगलं. तेव्हापासून दर डुकराला टांगतो, हे मात्र खरं.

नंतर आजोबांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "एखाद्या पाहुण्याला बनवलं असतंस तर मीही हसलो असतो. बहिणीला?"

मग तेच म्हणाले,

"तिला खरं लिहायचं की नाही ते तुझं तू बघ. भाऊ तू आहेस, मी नाही."

मी बघतच राहिलो. तू इतकी खूश होतीस. मनात म्हटलं, आता आपण टांगतोच आहोत ना, मग झालंच की ते खरं! पण तुझं ते प्रकरण. तुझ्या टेनंटबाई खिडकीपाशी गेल्या ते. उद्या सिडनीचे म्हातारे छापतील आणि परवा कुणीतरी सावाइईचा माणूस वाचून म्हणेल, असलं काही नसतं. तेव्हा त्या खोलीत तुला सोलतील.

काढून टाक ताई. माझं नाव पण काढ.

आपल्याकडे एवढी मोठी चूक झाली की माणूस ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारापुढे पहाटे जाऊन चटई डोक्यावर घेऊन बसतो, तो येऊन चटई उचलेपर्यंत. तुझं दार फार लांब आहे. मी इथेच बसतो.

सेमिसी

---

मातालुआ
१८ सप्टेंबर १९९४

ताई,

अजून तुझं पत्र नाही. बरोबर आहे. मी पण नसतं लिहिलं.

मी खरंच बसलो बरं का. पोस्टासमोर. तुझ्या दाराच्या सगळ्यात जवळचं दार तेच. आत्याची जुनी चटई घेतली, डोक्यावर घेतली आणि पायरीशी बसलो. पोस्टातल्या बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "काय रे, मी काय केलंय तुझं?" म्हटलं, "तुमचं नाही, ऑकलंडचं." म्हणाल्या, "ऑकलंडची पिशवी मंगळवारी येते. सावलीत बस." आता दर मंगळवारी बसतो. पोरं येऊन चटईखाली डोकावतात, "आहेस का आत?" विचारतात. एका म्हातारीनं माझ्यावर केळ्यांचा घड ठेवला, तिला वाटलं बाजार भरलाय.

हसवायला लिहीत नाही. म्हणजे थोडं हसवायलाच.

इथली बातमी. शेपूट शनिवारी संध्याकाळी टांगतो आणि रविवारी सकाळी नसतं. पान असतं, गाठ सुटलेली, आत काही नाही. आत्या पहिल्या रविवारी खांबाला हात लावून उभी राहिली, चाचपून बघितलं, आणि म्हणाली, "पोचलं." झालं. आता ती प्रार्थनेला उशिरा येते, आधी खांब चाचपते. तिचे गुडघेसुद्धा बरे झालेत म्हणे. बाबा म्हणाले, कुत्रं नेत असेल. आत्या म्हणाली, "कुत्रं गाठ सोडतं का रे?"

तिला मी काय बोलू? बोललो नाही.

तुझा प्रबंध गेला का? की माझ्यामुळे राहिला? तेवढं तरी कळव. शिव्या नंतर दे.

सेमिसी

---

ऑकलंड
९ ऑक्टोबर १९९४

श्री. सेमिसी यांस,

आपल्या गैरवर्तनाबद्दल विद्यापीठाची बैठक बसली होती. दंड ठरला आहे: एक मोठं डुक्कर, उमूत भाजलेलं, शेपटासकट, महिनाअखेरपर्यंत सहाव्या मजल्यावर पोचतं करावं. उशीर झाल्यास दोन.

घाबरलास? फिट्टंफाट झाली आता.

चटई काढ. घामाघूम झाला असशील.

तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा मी तुझ्या नावानं असं काही बोलले की आईनं बायबल मिटलं आणि उशीखाली ठेवलं. तीन दिवस तळघरात गेले नाही. कुणालाच काही सांगू नये, असंही मनात आलं. सावाइईहून कोण येणार होतं तपासायला? शब्द खड्ड्यात बसत होता. टेनंटबाई खूश होत्या. सगळ्यांना हवा होता तो शब्द.

मग पुढच्या गुरुवारी त्याच खोलीत गेले. तीच बिस्किटं घेऊन. उभी राहिले आणि म्हटलं, "मागच्या वेळी जी चाल सांगितली ती माझ्या भावानं रचली होती. पान भरायला." खुर्ची घट्ट धरून उभी होते. सिडनीच्या गृहस्थांना आधीच कळवलं होतं. त्यांचं एका ओळीचं पत्र आलं, छापणं रद्द. टेनंटबाई टेबलाकडे बघत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या! चष्मा काढून, डोळे पुसत. "तीस वर्षं मी दगडांवर विश्वास ठेवला, तो याचसाठी," म्हणाल्या. "दगडांना भाऊ नसतात."

तीस पानं टाकली. शेवटच्या ओळीत पुन्हा आठ ठिपके दिले. तो शब्द बसतो, पण बसतो म्हणजे होता असं नाही. प्रबंध वेळेवर गेला. बारीक झालाय.

आता खरं सांगते. मला सगळ्यात जास्त राग प्रबंधाचा आला नव्हता. पानं परत लिहिता येतात. मी चार महिने त्या खांबाखाली राहत होते रे. बसमध्ये, तळघरात, पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवताना, माझं म्हणून तिथे काहीतरी लोंबतंय असं वाटायचं. आणि तू म्हणालास की कधी काही नव्हतंच. त्याचा आला.

मग तुझं दुसरं पत्र आलं. आत्या खांब चाचपते ते वाचलं आणि राग कुठे ठेवला होता तेच सापडेना.

शेपूट जातं कुठे पण?

तिनो

---

ऑकलंड
२७ नोव्हेंबर १९९४

सेमिसी,

घाईत लिहितेय. परवा तोंडी परीक्षा झाली. तीन जण समोर, पाण्याचा जग मध्ये. एकानं विचारलं, "इतकं सगळं करून शेवटी ठिपकेच? एखादा अंदाज तरी ठेवायचा. थोडं धाडस केलं असतं तर?"

आदल्या दिवशी यावर मी एक पानभर उत्तर पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवेना. म्हटलं, "ताट कुणाचं ते माहीत नसताना त्यात तुकडा टाकायचा नसतो. माझ्या भावानं एकदा टाकला, तर आमच्या घराण्यानं दोन डुकरं दंड भरला."

ते एकमेकांकडे बघायला लागले. मग मुंडक्याची सगळी गोष्ट सांगावी लागली. ती मात्र खरी आहे ना? आहे म्हण!

पास झाले. डॉक्टर झाले. काकांना सांग, इंजेक्शन देत नाही.

आई आणि मी नाताळाला येतोय. सतरा तारखेची दुपारची बोट. टेनंटबाईंनी आत्यासाठी चहाचा डबा दिलाय.

तिनो

---

मातालुआ
६ डिसेंबर १९९४

ताई, डॉक्टरताई,

मुंडक्याची गोष्ट शंभर टक्के खरी आहे, फुलासकट. पाहिजे तर त्या वक्त्याला विचार. नको, विचारू नकोस.

पाद्रीणबाईंनी तुझं पत्र वाचलं आणि आत्यानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आजोबांनी उभं राहून चक्क भाषण केलं. आपल्या होडीपासून सुरुवात केली. मी शहाण्यासारखा शेवटपर्यंत बसलो, बघ. बाबा आता ज्याला त्याला सांगताहेत, "माझी पुतणी डॉक्टर आहे, पण दगडांची."

तुझ्या दंडाचं डुक्कर मी खरंच बांधून ठेवलं होतं. दोन दिवस. विमानात नेऊ देतात का ते विचारायला बसवाल्याकडे गेलो होतो. शेवटी आजोबांनी पत्र पुन्हा वाचायला लावलं, "फिट्टंफाट" शब्दाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, "शिकलेली माणसं तुझ्यापेक्षा बरी बनवतात." तेच डुक्कर तुझ्यासाठी राखलंय. अठराला कापायचं. शेपूट या वेळी टांगायचं नाही. आजोबांनी बैठकीत जाहीर केलंय, की ते तुझ्या हातात द्यायचं, सगळ्या मताईंपुढे, पाठीच्या तुकड्याच्याही आधी.

आता तू बोटीत बसायच्या आधी एक सांगायलाच हवं. तू विचारलं होतंस, शेपूट जातं कुठे. मी उत्तर दिलं नाही.

मी खातो.

ऐक आधी. पहिल्या शनिवारी टांगलं आणि रविवारी पहाटे जाग आली तर बाबांचं पिवळं कुत्रं खांबाखाली उड्या मारत होतं. पान अर्धं फाटलेलं. आता ते पडणार, आत्या उठणार, आणि पोरीच्या नावाचं शेपूट कुत्रं चावतंय हे ऐकणार. मी चढलो, गाठ सोडली, आणि टाकायचं कुठे, तर तोंडात. पान तसंच सुटं परत अडकवलं. आत्या आली, चाचपलं, म्हणाली, "पोचलं." तिचा चेहरा तू बघितला असतास तर तूही खाल्लं असतंस.

म्हणजे पहिलं आत्यासाठी खाल्लं. देवाशप्पथ. नंतर चव लागली. रात्रभर वाऱ्यावर राहून ते कुरकुरीत होतं, ताई.

पण आता प्रकरण वाढलंय. आपलं बघून शेजारच्यांनी त्यांच्या पोरासाठी टांगायला सुरुवात केली, तो सिडनीत असतो. मग पाद्रीणबाईंनी त्यांच्या लेकीसाठी. आता समुद्राकडच्या बाजूला एकही खांब रिकामा नाही. आणि एकाच घरचं पोचतं आणि बाकीच्यांचं नाही, हे बरं दिसतं का? पहाटे उठून सगळीकडे चढावं लागतं. पाद्रीणबाईंकडचं जरा खारट असतं. मागच्या रविवारी मला चर्चमध्ये झोप लागली, आणि सगळ्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "तुमचं पोचलं?" "पोचलं. तुमचं?" इतकं आनंदी गाव मी आयुष्यात बघितलं नाही.

तर अठराला आत्या तुझा हात धरणार आणि विचारणार, "सगळी पोचली ना गं?" मला माहितीय तू खोटं बोलत नाहीस. त्या खोलीत खुर्ची धरून उभी राहिलीस तशी इथे राहू नकोस, एवढीच विनंती. खोटं बोल असं म्हणत नाही. तुझ्याकडे ती सोय आहे ना, ठिपक्यांची? तीच वापर. आठ ठिपके दे. नुसता तिचा हात दाब आणि हाताला लागलेलं शेपूट खा.

मी धक्क्यावर येतो, चटई घेऊनच. आणि ताई, पाया पडतो, आईला नाही, टेनंटबाईंना नाही, आजोबांना तर मुळीच नाही, कुणालाच सांगू नकोस.

तुझा भाऊ,
सेमिसी